ऑर्केस्ट्रा म्हणजे फक्त फिल्मी गाणी नव्हे : भारतात व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा एकच का, आणि मुळशीतल्या मुलांना त्यात जागा आहे का?

महाराष्ट्रात 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गावची जत्रा, गणपतीचा मांडव, रंगीत दिवे, की-बोर्डवाला, ऑक्टोपॅडवाला आणि किशोरकुमारच्या आवाजात गाणारा कुणीतरी. २००५ साली डान्स बारवर बंदी आली, त्यानंतर 'ऑर्केस्ट्रा बार' हा शब्द पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांमधून घरोघरी पोहोचला.

पण याच महाराष्ट्रात आणखी एक ऑर्केस्ट्रा आहे. तिथे माइक नसतो, निवेदक नसतो, 'वन्स मोअर'ची शिट्टीही नसते. ऐंशी-नव्वद माणसं समोर कागद ठेवून एकाच वेळी वाजवतात आणि एक माणूस त्यांच्याकडे तोंड, आपल्याकडे पाठ करून हात हलवत उभा असतो. 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' असं त्याचं नाव. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये त्याचं घर आहे. 'भारतातला पहिला आणि एकमेव व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा' अशी तो स्वतःची ओळख सांगतो.

दीडशे कोटींच्या देशात असा ऑर्केस्ट्रा एकच का? आणि तिथून साधारण दीडशे किलोमीटरवर, पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात शाळेत जाणाऱ्या मुलाला तो ऐकायचा, किंवा पुढेमागे त्यात वाजवायचं असेल, तर काय लागेल?

आधी हे समजून घेऊ : सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणजे नेमकं काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर हा वादकांचा मोठा संघ. त्यात वाद्यांची चार कुटुंबं असतात. पहिलं तंतुवाद्यांचं : व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास. दुसरं लाकडी फुंकवाद्यांचं : फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून. तिसरं पितळी वाद्यांचं : हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. आणि चौथं तालवाद्यांचं.

निम्म्याहून जास्त माणसं तंतुवाद्यांचीच असतात. एवढी व्हायोलिन कशाला, असा प्रश्न पडतो. उत्तर साधं आहे. एका ट्रम्पेटचा आवाज एका व्हायोलिनला सहज झाकून टाकतो. माइक न वापरता तोल साधायचा तर व्हायोलिनची संख्या वाढवावी लागते.

आपल्या रागसंगीतापेक्षा मोठा फरक इथे आहे. ख्याल गाणारा कलाकार राग तिथल्या तिथे फुलवतो. सिंफनीत प्रत्येक वादकाचा प्रत्येक स्वर संगीतकाराने आधीच लिहून ठेवलेला असतो. मग कंडक्टर करतो काय? तो स्वतः एकही स्वर वाजवत नाही. लय किती ठेवायची, कुठे हळू व्हायचं, कुणी पुढे यायचं आणि कुणी मागे राहायचं, हे तो ठरवतो. यातलं बरंचसं काम तालमीतच झालेलं असतं.

कार्यक्रम सुरू होण्याआधी ओबोवाला एक लांब स्वर धरतो आणि सगळे आपापली वाद्यं त्याला जुळवून घेतात. तानपुरा लावताना जी शांतता पसरते, ती ज्यांना माहीत आहे त्यांना हा क्षण परका वाटणार नाही.

हे मुंबईत आलं कुठून?

अनेकांना वाटतं की इंग्रज आले आणि हे संगीत आणून गेले. ती अर्धीच गोष्ट आहे.

मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकाने १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. पुढच्याच वर्षी त्यांच्या घरी मुलगा झाला, तो म्हणजे झुबिन मेहता. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि इस्रायलच्या फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रांचं नेतृत्व पुढे त्यांनी केलं. त्याच काळात नाझींच्या छळामुळे युरोपात राहणं अशक्य झालेले ज्यू कलाकार मुंबईत येत होते. वॉल्टर कॉफमन हे त्यांतले एक. आकाशवाणीची सकाळची ओळखधून त्यांच्या नावावर आहे. म्हणजे आपल्या आजी-आजोबांची सकाळ ज्या सुरांनी व्हायची, ते सूर एका युरोपीय निर्वासिताने मुंबईत बसून रचले होते.

पण खुर्च्यांवर बसून वाजवायचं कोण? इथे गोव्याचा धागा येतो. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जायचं. ती मुलं मोठी होऊन पोटापाण्यासाठी मुंबईत आली. संध्याकाळी हॉटेलात जॅझ, सकाळी स्टुडिओत फिल्मी गाणी आणि वेळ मिळाला तर बीथोव्हन, असा त्यांचा दिनक्रम असे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे व्हायोलिनच्या लाटा ऐकू येतात, त्यांची मांडणी सेबॅस्टियन डिसोझा यांची.

मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे असंच एक नाव. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायचं स्वप्न घेऊन त्यांनी १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो फार काळ टिकला नाही. गोन्साल्विस यांचं नाव मात्र वेगळ्याच मार्गाने अमर झालं. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात गुरूचं नाव गुंफलं. ते गाणं आपण लग्नात नाचायला वापरतो, आणि ज्याचं नाव आपण ओरडतो तो एक खराखुरा ऑर्केस्ट्रावाला माणूस होता हे बहुतेकांना माहीत नसतं.

मग हे सगळं गेलं कुठे?

मुंबईतल्या वादकांचं पोट सिंफनीवर कधीच चाललं नाही, ते चाललं सिनेमावर. एका गाण्याच्या रेकॉर्डिंगला पन्नास-साठ, कधी शंभर वादक लागायचे. सिंफनी ही त्यांची हौस होती, आणि ती परवडत होती कारण स्टुडिओचा पगार होता.

१९८० च्या दशकात सिंथेसायझर आला, १९९० च्या दशकात संगणक. वीस व्हायोलिनचा आवाज एका की-बोर्डमधून निघू लागला. निर्मात्यांसाठी हिशेब सोपा होता. स्टुडिओतली कामं आटली आणि ज्या घरांत तीन पिढ्या व्हायोलिन होतं, तिथल्या मुलांनी दुसरी वाट धरली. वादक तयार करणारी परंपरा तुटली ती अशी. बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रासारखे हौशी संघ या काळातही वाजवत राहिले, पण पूर्ण वेळ पगार देणारा संघ उभा राहिला नाही.

२००६ मध्ये काय झालं?

एनसीपीएची स्थापना १९६९ ची. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा हे तिचे संस्थापक. १९९९ साली तिथे जमशेद भाभा थिएटर सुरू झालं. हजाराहून अधिक आसनं आणि मोठा वाद्यवृंद मावेल असा रंगमंच तयार होता, पण त्यावर बसणारा स्वतःचा वाद्यवृंद नव्हता.

२००६ साली एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. पुढे त्याने परदेश दौरे केले. झाकिर हुसेन यांनी तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी रचलेलं 'पेशकार' २०१५ साली याच संघाने पहिल्यांदा वाजवलं, आणि २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यातही ते होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये झुबिन मेहता यांनी मुंबईत या संघाचं संचालन केलं. वडिलांनी ज्या शहरात ऑर्केस्ट्रा उभारला होता, तिथल्याच नव्या ऑर्केस्ट्रासमोर मुलगा वयाच्या ८७ व्या वर्षी उभा होता.

यावर सुरुवातीपासून एक प्रश्न विचारला जातो : नावात 'इंडिया' आहे, पण खुर्च्यांवर भारतीय किती? मोठ्या मोसमी कार्यक्रमांसाठी बरेचसे वादक परदेशातून, विशेषतः कझाकस्तानसारख्या देशांतून येतात. भारतीय वादक आहेत, पण अल्पसंख्य.

भारतीय वादक कमी का? आपल्याकडे टॅलेंट नाही का?

टॅलेंटचा इथे फारसा संबंध नाही. प्रश्न आहे तो वयाचा आणि शिक्षकाचा.

व्यावसायिक व्हायोलिनवादक साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी वाद्य हातात घेतो आणि रोज काही तास, पंधरा वर्षं, घासत राहतो. त्यासाठी जवळपास चांगला शिक्षक हवा. शिक्षक तिथेच राहतो जिथे त्याला पुरेसे विद्यार्थी आणि वाजवायला संघ मिळतो. संघ तिथेच उभा राहतो जिथे वादक आहेत. म्हणजे हे चक्र एका ठिकाणी तुटलं की सगळंच थांबतं. ओबो, बसून, व्हिओला अशा वाद्यांचं तर विचारूच नका. ही वाद्यं पाहिलेली मुलंच आपल्याकडे कमी आहेत.

म्हणूनच एनसीपीएने २०१२ साली मुलांसाठी संगीत अकादमी सुरू केली. लहान वयात घेतलेल्या मुलांमधून उद्याचे वादक घडवायचे, अशी त्यामागची कल्पना. असल्या कामाचं फळ वीस वर्षांनी दिसतं. तोपर्यंत खुर्च्या बाहेरून भराव्या लागतात, ही वस्तुस्थिती आहे.

संगीतकारांचीही अडचण हीच. ८ मार्च २०२५ रोजी इलयाराजा यांची 'व्हॅलियंट' ही सिंफनी पहिल्यांदा वाजली ती लंडनमध्ये, रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राकडून. ज्या माणसाने हजारो गाण्यांना चाली दिल्या, त्याची सिंफनी पहिल्यांदा ऐकायला भारतीय रसिकांना लंडन गाठावं लागलं.

तिकिटं विकून हा खर्च निघत नाही का?

जगात जवळपास कुठेच निघत नाही. यामागचं कारण विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली सांगितलं होतं.

कारखान्यात यंत्रं आली की तेवढीच माणसं जास्त माल काढतात, म्हणून पगार वाढले तरी परवडतं. पण बीथोव्हनची नववी सिंफनी १८२४ साली वाजवायला जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच आजही लागतो. ती निम्म्या वेळात वाजवून 'उत्पादकता' वाढवता येत नाही. वादकांचे पगार मात्र इतरांबरोबर वाढावे लागतात. त्यामुळे खर्च आणि तिकिटाचं उत्पन्न यांतली दरी दरवर्षी रुंदावते. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासारख्या नावाजलेल्या संस्थेलाही २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला होता.

ही दरी भरायची कुणी, याची उत्तरं देशागणिक वेगळी आहेत. जर्मनीत सरकार आणि नगरपालिका ती भरतात, म्हणून तिथे शंभराहून अधिक सार्वजनिक ऑर्केस्ट्रा आहेत. अमेरिकेत देणगीदार भरतात. मुंबईत हे काम मुख्यतः विश्वस्त संस्था आणि देणगीदारांवर आहे. आणि देणगीदार जिथे, ऑर्केस्ट्राही तिथेच राहतो.

'हे आपलं संगीतच नाही' या आक्षेपाचं काय?

सोशल मीडियावर हा मुद्दा हमखास येतो. पण वाद्यांचा इतिहास बघितला तर तो फार टिकत नाही. हार्मोनियमचं मूळ युरोपात आहे. संगीत नाटकांच्या सुवर्णकाळात गंधर्वांच्या गाण्याला साथ होती ती पायाने हवा भरायच्या ऑर्गनची. कर्नाटक संगीताने व्हायोलिन दोनशे वर्षांपूर्वी आपलंसं केलं. लग्नाच्या वरातीत वाजणारी ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट सिंफनीतलीच वाद्यं आहेत. पुण्यात विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँड ऐकायला लोक थांबतात, तेव्हा ही वाद्यं परदेशी आहेत असं कुणाच्या मनातही येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : हे श्रीमंतांचं, दक्षिण मुंबईचं संगीत आहे. तिकीट, इंग्रजी माहितीपत्रक, कधी टाळी वाजवायची याची भीती, या सगळ्यांतून नव्या माणसाला 'इथे आपलं काम नाही' असं वाटतं. आणि मुळशीचा विषय इथेच सुरू होतो.

या सगळ्यात मुळशी कुठे येते?

मुळशी आणि मुंबईचं नातं शंभर वर्षांचं आहे, आणि ते सोपं नाही. मुंबईच्या विजेसाठी टाटांनी मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं, तेव्हा जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. सेनापती बापट हे नाव त्या लढ्यातून घराघरांत गेलं. धरण झालंच. सह्याद्रीच्या अलीकडचं पाणी पलीकडे भिऱ्याच्या वीजघरात उतरलं आणि मुंबई उजळली. एनसीपीए त्यानंतर चार दशकांनी आली आणि तिचा धरणाशी थेट हिशेब मांडता येत नाही. तरी शहराच्या उजेडासाठी ज्या गावांनी जमीन दिली, त्यांच्या वाट्याला त्या शहरातलं काय आलं, हा प्रश्न उरतोच.

आजची मुळशी म्हणजे फक्त धरण आणि ताम्हिणीचा पाऊस नाही. हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यात आहे. लवळ्याला खासगी विद्यापीठं आहेत. पौडजवळ १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, तिथे अनेक देशांची मुलं शिकतात. म्हणजे पाश्चात्त्य संगीत जाणणारी माणसं, पैसा आणि सभागृहं यांतलं काही ना काही तालुक्यातच आहे. पण ते बहुतेक वेळा कुंपणाच्या आत असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पोर त्या कुंपणाबाहेरून घरी जातं. त्याला मुंबईचा कार्यक्रम ऐकायचा तर पुण्याला यायचं, मुंबई गाठायची, आणि रात्री परतायला गाडी नाही म्हणून मुक्कामही करायचा. तिकिटाचा प्रश्न त्यानंतरचा.

पण मुळशीकडे स्वतःचा वाद्यवृंद आहेच!

ढोल-ताशा पथकाकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. शंभर-दीडशे माणसं एका वेळी वाजवतात. सगळ्यांचा ठोका एक असावा लागतो. ताशा लय ठरवतो, ढोल भरतो, झांज उजळते. समोर कुणीतरी हाताच्या खुणेने पथक थांबवतो, वळवतो, चढवतो. पावसाळ्यात संध्याकाळी सराव सुरू होतो आणि तो गणपतीपर्यंत चालतो. बहुतेक वादक हौशी असतात : कॉलेजची मुलं-मुली, बँकेतले कर्मचारी, आयटीवाले.

पुणे शहरातली पथकं आज प्रसिद्ध आहेत, पण आसपासच्या मावळ-मुळशीच्या गावांत ढोल-लेझीमचे खेळ त्याआधीपासून आहेत. म्हणजे एकत्र वाजवणं, तालमीला वेळेवर येणं, स्वतःपेक्षा संघाचा आवाज मोठा मानणं, हे इथे कुणी नव्याने शिकवायची गरज नाही.

सिंफनी ऑर्केस्ट्राला भारतात जे अजून जमलेलं नाही, ते पथकाने केलंय. पथक ज्यांच्यासाठी वाजवतं, त्यांच्यातूनच त्याचे वादक येतात. ऐकणाऱ्याला वाटतं की हे आपलं आहे, कारण तिसऱ्या रांगेत शेजारच्याची मुलगी ढोल वाजवत असते.

मग मार्ग काय?

मुळशीत उद्या नव्वद वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा करा, असं म्हणणं हास्यास्पद ठरेल. पण छोट्या गोष्टी इतरत्र घडल्या आहेत.

गोव्यात डॉ. लुईस डायस यांनी २००९ साली 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' सुरू केलं. परिस्थितीने मागे राहिलेल्या मुलांना तिथे वाद्यं शिकवली जातात. चेन्नईत ए. आर. रहमान यांच्या संगीतशाळेने गरीब घरांतल्या मुलांचा 'सनशाइन ऑर्केस्ट्रा' घडवला. या सगळ्यांसमोर उदाहरण आहे व्हेनेझुएलाचं. तिथे १९७५ साली सुरू झालेल्या 'एल सिस्तेमा'ने वस्त्यांमधल्या लाखो मुलांना ऑर्केस्ट्रात बसवलं. त्यावर टीकाही झाली आहे. शिस्त फार कडक आणि सरकारशी जवळीक फार, असं टीकाकार म्हणतात. पण गरिबाघरचं मूल चेलो वाजवू शकतं, याबद्दल आता कुणी वाद घालत नाही.

पैशांची एक वाट कायद्यातच आहे. ठरावीक आकाराच्या नफ्यातल्या कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ नुसार सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. शिक्षण आणि कला-संस्कृती ही दोन्ही कामं त्या यादीत आहेत. हिंजवडीतल्या कंपन्या आणि पौड खोऱ्यातल्या शाळा एकाच तालुक्यात आहेत. एक शिक्षक, वीस व्हायोलिन आणि आठवड्याला तीन तास, इतकी सुरुवात त्यातून होऊ शकते. वाद्यं मात्र कोरड्या जागी ठेवावी लागतील. ताम्हिणीच्या बाजूच्या पावसात लाकूड फुगतं आणि व्हायोलिनचा सांधा सुटायला वेळ लागत नाही.

विद्यापीठं आणि कॉलेजांना तर पैसाही लागणार नाही. वर्षातून दोनदा आपल्या सभागृहाचं दार आसपासच्या शाळांसाठी उघडायचं, आणि कार्यक्रमाची ओळख मराठीत करून द्यायची, एवढंच.

तुम्ही पहिल्यांदाच जाणार असाल तर?

ड्रेस कोडची धास्ती नको, नीटनेटके कपडे पुरतात. एका सिंफनीचे साधारण चार भाग असतात. मधल्या शांततेत टाळ्या वाजवायच्या नाहीत, असा रिवाज आहे. गोंधळ होत असेल तर कंडक्टर हात खाली घेऊन प्रेक्षकांकडे वळेपर्यंत थांबा. उशीर करू नका, कारण भाग सुरू असताना आत सोडत नाहीत. पुण्यातच ऐकायचं असेल तर कॅम्पमधल्या माझदा हॉलच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. तिथे पूर्ण ऑर्केस्ट्रा मावत नाही, पण चार-पाच वादकांचं संगीत अगदी जवळून ऐकता येतं.

आणि आपल्या ऑर्केस्ट्राने परदेशात टाळ्या मिळवल्याची बातमी पुढच्या वेळी आली, तर फोटो झूम करून बघा. टाळ्यांचा अभिमान बाळगायला हरकत नाहीच. फक्त त्या खुर्च्यांवर इथली मुलं किती आहेत, तेही मोजा. मुळशीतलं एखादं पोर त्या फोटोत दिसायला कदाचित वीस वर्षं लागतील, आणि ती वीस वर्षं शाळेतल्या पहिल्या व्हायोलिनपासून मोजायची आहेत.